नळ दहा दिवसांनी, कुंड्या सत्तर

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. घरात पाच माणसं. गच्चीवर ७० कुंड्या आहेत, अकरा वर्षांत एकेक करून जमवलेल्या. लिंबू आणि शेवगा अर्ध्या ड्रममध्ये आहेत. शिवाय कडीपत्ता, तुळस, १२ गुलाब, जास्वंदी, शेवंती, सदाफुली, कोरफड आणि बरीच शोभेची झाडं. यंदा पाऊस कमी झाला. नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, बोअर फेब्रुवारीतच आटलं, आता टँकर घेतो. मागच्या आठवड्यात मी झाडांना पाणी घालत होते तर समोरच्या काकू म्हणाल्या, "माणसाला प्यायला नाही अन् तुम्ही झाडांना घालता?" त्या रात्री मला झोप लागली नाही. नवरा म्हणतो, सगळं काढून टाक, पावसाळ्यात नवीन आणू. मुलगी म्हणते, काढायचं कशाला, उलट भाजी लावू, कोथिंबिरीची जुडी किती महाग झाली बघ. सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण त्यांचा जुना मोगरा त्या कुंड्यांत आहे. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडांना चालेल का? बोअर आणखी खोल घ्यावं का? काय ठेवू आणि काय सोडू? – एक वाचक, लातूर

ताई,

आधी समोरच्या काकूंचं बोलणं घेते. त्याचा निकाल लागल्याशिवाय मी पुढे काहीही सांगितलं तरी ते तुमच्या मनाला पटणार नाही.

काकूंचं बरोबर आहे. लातुरात ज्यांनी २०१६ चा उन्हाळा काढला, त्यांच्या तोंडी हे येणारच. तुम्हीही तो काढला असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. आणि १२ एप्रिलला ३४२ किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, पाच लाख लिटर. घागरी रांगेत लावून रात्रभर जागलेल्या माणसाला समोरच्या गच्चीच्या पन्हाळीतून पाणी ठिबकताना दिसलं, तर त्याच्या पोटात तुटणारच.

म्हणून पहिला नियम, आणि यात सवलत नाही : टँकरचं, नळाचं ताजं पाणी कुंडीला तांब्याभरही घालायचं नाही. मात्र जे पाणी एकदा घरात वापरून झालंय आणि आता मोरीतून गटारात जाणार आहे, त्यावर तुमच्या झाडांचा पूर्ण हक्क आहे. ते घालताना मान खाली घालायचं कारण नाही.

ही काही नवी युक्ती नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते, अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात. घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी, आणि आईवडील ज्या दुष्काळी कामावर जायचे तिथे दुपारी सुकडी, म्हणजे वाटपाचा कोरडा पौष्टिक खाऊ. आई भांडी राखेने कोरडीच घासायची, फडक्याने पुसायची आणि मग एकाच पातेल्यातल्या पाण्यातून सगळी काढायची. ते राखुंडं पाणी आणि न्हाणीचं पाणी मागच्या दारी एका चरात जायचं. त्या चराच्या काठावर कर्दळ होती, अळू होतं. गावात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्याबद्दल आईला कुणी कधी बोल लावला नाही.

आता नवऱ्याचं म्हणणं. सगळं काढून पावसाळ्यात नवीन आणू, हे ऐकायला हिशेबाचं वाटतं, पण हिशेब चुकतोय. रोपं नर्सरीत मिळतील. अकरा वर्षं पालापाचोळा, शेणखत, घरचं कंपोस्ट खाऊन तयार झालेली माती नर्सरीत मिळत नाही. ती उन्हात महिना-दोन महिने उघडी, कोरडी पडली तर तिच्यातली गांडुळं आणि बारीक जीवजंतू मरतात किंवा निपचित होतात. जून महिन्यात तुमच्या हातात नुसती धूळ येईल. झाडं कमी करायचीच आहेत, पण माती वाचवून.

किती कमी करायची? त्याआधी पाणी मोजा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. पोपटराव पवारांच्या त्या गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. पाऊस कमी तर पिकंही कमी पाण्याची. ऊस आणि केळीला तिथे मनाई आहे, शेतीसाठी बोअर घ्यायलाही. तुमच्या घराची ग्रामसभा पाच जणांची आहे. तीन दिवस मोरीत बादल्या ठेवा आणि कोणतं पाणी किती निघतं ते खरोखर मोजून लिहून काढा.

पाच माणसांच्या घरात, पाणी जपून वापरलं जात असताना, माझ्या अंदाजाने साधारण असं निघेल. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी रोज ८ लिटर. भांड्यांचं शेवटचं खळबळलेलं ७ लिटर. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी एक दिवसाआड ३० लिटर, म्हणजे रोजचे १५. झाले ३० लिटर. आंघोळीचं पाणी मी यात धरलेलं नाही, त्याचं पुढे सांगते.

बारा इंची कुंडीला आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रोज जवळपास लिटरभर पाणी लागतं. सत्तर कुंड्यांना ७० लिटर. तुमच्याकडे ३० आहेत. इथेच बरीच माणसं चूक करतात. सगळ्यांना थोडं थोडं देतात आणि मे महिन्यात सगळीच झाडं एकदम जातात. पण कुंडीला सावली दिली, माती झाकली आणि पाणी थेट मुळाशी पोचवलं, तर गरज निम्म्यावर येते. म्हणजे अर्धा लिटर. हा एक वाटा धरा. तुमच्याकडे रोज असे ६० वाटे आहेत.

लिंबाच्या ड्रमला ४ वाटे, शेवग्याला ३, कडीपत्त्याला २. दहा कुंड्या भाजीसाठी ठेवा, प्रत्येकी २ वाटे, म्हणजे २०. उरले ३१. त्यात ३० कुंड्या नुसत्या जगवायच्या, एकेका वाट्यावर. फुलं नाही आली तरी चालतील, झाड जिवंत राहिलं पाहिजे. एक वाटा शिल्लक राहतो, तो आजारी कुंडीसाठी. (पाखरांसाठी मात्र एक पसरट मातीचं भांडं ताज्या पाण्याचं ठेवा. तहानलेले बुलबुल आणि खारी कोवळ्या कळ्या, खोडं कुरतडतात ती बरेचदा पाण्यासाठी. शिवाय एवढं पाणी काकूही मोजणार नाहीत.) कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट या हिशेबात नाहीत. त्यांना पंधरा दिवसांतून एकदा दिलं तरी पुरे.

म्हणजे साधारण २५ कुंड्यांचा निरोप घ्यायचा आहे. निवड करताना मी एकच गोष्ट बघते : हे झाड जूनमध्ये सहज परत मिळेल का? मिळणार असेल तर त्याला सोडा. हंगामी फुलझाडं गेली. शेवंतीचा हंगाम संपलाच आहे, दोन कुंड्यांत तिची मुनवी (बुडातून फुटलेले कोंब) ठेवा, बाकीच्या काढा. मोठ्या पातळ पानांची शोभेची झाडं, फर्न, कोलियस, अरेका ही पाणी पिणारी मंडळी. अरेका घरात, खिडकीजवळच्या सावलीत नेता आला तर न्या, नाहीतर सोडा. बारा गुलाबांतले चार ठेवा, देशी असतील ते आधी. जास्वंद एक. सदाफुली चिवट आहे आणि तिचं बी पडून आपोआप उगवतं, तिच्यावर वाटे खर्चू नका. ज्या झाडामागे काही आठवण आहे, कुणी दिलेलं आहे, कुठून तरी फांदी आणून लावलेलं आहे, ते ठेवा. मनाला लागेल अशी निवड करू नका, दुष्काळात मन आधीच जड असतं.

काढलेलं झाड फेकू नका. फांद्या-पानं बारीक तोडून ठेवलेल्या कुंड्यांवर पसरा. रिकाम्या कुंडीची माती एकत्र करून पोत्यात भरा, थोडं कंपोस्ट मिसळा, किंचित ओलसर ठेवा आणि पोतं सावलीत, भिंतीच्या आडोशाला उभं करा. हीच तुमची मृगाची तयारी.

आता मातीबद्दल. सावकाश वाचा, कारण वाटे निम्मे करण्याचं सगळं काम इथे होतं.

आपली काळी माती ओल धरते, पण एकदा वाळली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, बोटभर फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं झाड पाणी प्यालं, मुळाशी मात्र कोरडं ठण्ण. कोकोपीट असेल तर तेही पूर्ण सुकल्यावर पाणी झटकून टाकतं. अशी कुंडी ओळखायची खूण म्हणजे ती उचलल्यावर हलकी लागते आणि पाणी घातल्याबरोबर खालून गळते. तिला वरून पाणी घालूच नका. टबमध्ये चार-पाच इंच वापरलेलं पाणी घ्या, कुंडी अर्धा तास त्यात बसवा, माती खालून पाणी ओढून घेईल. त्याच टबात मग दुसरी कुंडी. एकदा माती अशी भिजली की कडेची फट बोटाने दाबून बुजवा आणि वर आच्छादन घाला. लहान कुंड्यांना हे एकदा करायचं. ड्रमच्या मातीत मात्र काठीने पाच-सहा भोकं पाडून त्यांत कंपोस्ट भरा, पाणी तिथून खोल उतरेल.

आच्छादन म्हणजे मातीचं पांघरूण. दोन-तीन इंच हवं, चिमूटभर पानं टाकून भागत नाही. लातूर म्हणजे सोयाबीनचं आगर, कुणीही ओळखीचा शेतकरी तुम्हाला पोतंभर भुस्कट देईल. उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, नारळाच्या शेंड्या, काहीही चालतं. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाची पानं गळतात, ती रस्त्यावरून झाडून आणा, त्याहून सोपं आच्छादन नाही. फक्त खोडापासून दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं, आणि वाळवी लागत नाही ना ते अधूनमधून उचकून पाहा.

पाणी मुळाशी पोचवायला तुमच्या माळ्यावर एक साधन आधीच पडलेलं आहे : संक्रांतीची सुगडं. घरोघरी ओवसून झालेली सुगडं एका कोपऱ्यात साठतात आणि पुढच्या वर्षी टाकून दिली जातात. न रंगवलेलं, बिनचकाकीचं भाजलेलं सुगड कुंडीत खोडापासून थोडं बाजूला तोंडापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा आणि वर पणती पालथी घाला, म्हणजे वाफ उडत नाही आणि डास अंडी घालत नाहीत. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरतं ते बाहेरची माती कोरडी असेल तेव्हाच. माती ओली असली की पाझर मंदावतो. झाड जेवढं ओढील तेवढंच पाणी जातं, वरची माती कोरडीच राहते, त्यामुळे उन्हाने उडून जायला काही नसतं. मुळं चार-पाच आठवड्यांत सुगडाला वेढून बसतात. मोठ्या कुंडीला दोन सुगडं, ड्रमला एक लहान मडकं. बाहेरून रंग दिलेलं सुगड मात्र पाझरत नाही, ते घेऊ नका. आपलं पाणी जड आहे, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी छिद्रं क्षाराने बुजतात. सुगड उपसून लिंबाच्या सालीने किंवा ब्रशने घासलं की पुन्हा चालू होतं. सुगडात भरायला तांदळाचं धुवण नको, ते आंबून घाण वास मारतं. कपड्यांचं शेवटचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून भरा. धुवण वरून, आच्छादन बाजूला सारून घाला.

सावलीसाठी ५० टक्क्यांची हिरवी जाळी पुरे. ती नसेल तर जुनी साडी बांधा, काही बिघडत नाही. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, उंच झाडं पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन ती अंगावर घेतील. तापलेल्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली विटा द्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि पत्र्याचे डबे दुपारी आतून शिजतात, त्यांना गोणपाट गुंडाळा. पाणी सूर्य उगवायच्या आधी किंवा दिवे लागल्यावर. रोज शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड दोन वाटे एकदम दिले तर मुळं खाली जातात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. आणि या दोन-अडीच महिन्यांत युरिया किंवा कुठलंही जोरखत देऊ नका. खत दिलं की झाड नवी कोवळी पानं काढतं, आणि त्या पानांना पाजायला तुमच्याकडे पाणी नाही.

फिल्टरचं पाणी. इथे मी स्वतः पोळले आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मला वाटलं, एवढं बादल्या-बादल्या पाणी वाया जातंय, घालू या झाडांना. घरगुती आरओ फिल्टर एक लिटर प्यायचं पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, आणि मूळ पाण्यातले जवळपास सगळे क्षार त्या बाहेर टाकलेल्या पाण्यात जमा होतात. बोअर किंवा टँकरचं पाणी आधीच जड, त्यात हे. दीड महिन्यात कुंड्यांवर पांढरा थर आला, गुलाबाच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या. मी समजले पाणी कमी पडतंय, म्हणून तेच पाणी आणखी घातलं. आठ गुलाब गेले. आता ते पाणी मी फरशी पुसायला आणि संडासात वापरते, आणि त्यामुळे तिथलं ताजं पाणी वाचतं, तेही काही कमी नाही. अगदीच घालायचं असेल तर बोगनवेल, शेवगा, घोळ यांना, तेही निम्मं दुसरं पाणी मिसळून. लिंबू, गुलाब, मोगरा आणि शेंगभाज्या यांच्या जवळपासही नेऊ नका. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेल्या पाण्यालाही हेच लागू. पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस झाला की सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवा, साठलेले क्षार धुऊन निघतील.

बाकी वापरलेल्या पाण्याची पथ्यं थोडक्यात सांगते. ज्या दिवशीचं त्याच दिवशी संपवायचं, साठवायचं नाही. फिनाईल, ब्लीच, लहान बाळाचे कपडे धुतलेलं पाणी कुंडीत नाही. मशीनचं पहिलं फेसाळ पाणी नाही, शेवटचं चालेल. तेलकट भांड्यांचं पाणी नाही. पानांवर नाही, मुळाशीच. आणि पालेभाजीच्या दहा कुंड्यांना फक्त स्वयंपाकघरातलं धुवण, कपड्यांचं नाही.

आंघोळीच्या पाण्यासाठी जरा खटपट करावी लागेल. लिंबू-शेवग्याला आहे तसा आणखी एक अर्धा ड्रम घ्या. त्याच्या तळाशी तोटी बसवा. खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू, आणि वाळूत कर्दळीचे तीन-चार कंद. आंघोळीचं पाणी वरून हळूहळू ओता. कर्दळीची मुळं आणि वाळू मिळून साबणाचा मळ बराच धरून ठेवतात. तोटीतून येतं ते पाणी लिंबू, शेवगा, कडीपत्त्याला द्या. माझ्या आईच्या चराचंच हे गच्चीवरचं रूप. सगळ्यांनी टबात उभं राहून आंघोळ केली तर रोज आणखी १५–२० लिटर सहज मिळतात. मग मोठ्या झाडांचे वाटे तिकडून जातील आणि चार-पाच गुलाब जास्तीचे वाचतील.

मुलीला सांगा, तिचं म्हणणं मला फार आवडलं, पण कोथिंबीर नको. चाळीस अंशांत धने नीट उगवत नाहीत, उगवले तर कोवळेपणीच फुलावर येतात, आणि पाणी मात्र रोज मागतात. पालक, मेथी यांचंही तसंच, आणि काकडीला पाणी फार लागतं. तिला घोळ लावायला सांगा. मंडईतून एक जुडी आणायची, पानं भाजीला घ्यायची आणि जाड देठं ओल्या मातीवर आडवी ठेवून हलकी दाबायची, आठवड्यात मुळं फुटतात. घोळ पाण्याचा ताण पडला की आपली पद्धत बदलते. दिवसा पानांची छिद्रं मिटून ठेवते आणि हवा रात्री आत घेते, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. निवडुंगाची ही विद्या भाजीच्या जुडीत आहे, तिला शाळेच्या प्रकल्पालाही उपयोगी पडेल. दुसरा तांदुळजा, तो खुडत राहिलं की महिनाभर पुरतो. तिसरा तुमचा शेवगाच. शेंगांची वाट बघू नका, दर पंधरा-वीस दिवसांनी कोवळा पाला काढा, डाळ घालून भाजी करा, पिठात मळा. गवार, चवळी, अंबाडी यांचं बी आत्ता आणून डब्यात ठेवा आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की टोका. दहापैकी सहा कुंड्या आत्ता वापरा, चारांत नुसती आच्छादलेली माती तयार ठेवा. त्यांचे आठ वाटे तोवर लिंबाकडे वळवा.

लिंबाची एक गंमत सांगते. लिंबू-डाळिंबाचे बागायतदार मृग बहार धरायला एप्रिल-मे महिन्यांत झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड थोडी पानं गाळतं, पाऊस पडला की फुलांनी भरून येतं. तुमच्या लिंबाने पानं गाळली तर घाबरून बादली रिकामी करू नका. पण ड्रममधल्या झाडाला खोल मुळं नसतात, त्याचं पाणी पूर्ण तोडायचं नाही. पानं दुपारी मान टाकतात आणि सकाळी पुन्हा ताठ होतात, तिथवर ठीक. सकाळीही मान खालीच असेल तर त्याच दिवशी पाणी द्या. झाडावर छोटी लिंबं धरलेली असतील तर निम्मी काढून लोणच्यात घाला.

उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी येतात. दिसल्याबरोबर ओल्या फडक्याने पुसून घ्या, कडुलिंबाचं तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून लावा. एवढं पुरे.

बोअर खोल घेऊ नका. बागेसाठी तर नाहीच. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, जितकं खाली जाल तितका दगड घट्ट आणि भेगा कमी. पैसे धुळीत जातील, आणि समजा लागलंच पाणी, तर ते शेजारच्यांच्या भेगांतूनच ओढलेलं असेल. तेच पैसे पन्हाळीत घाला. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. तुमची गच्ची हजार चौरस फुटांची धरली तर ती ९३ चौरस मीटर भरते. एका १० मिलिमीटरच्या सरीत ९०० लिटरच्या वर पाणी पडतं, सांडलवंड सोडून सातशे-आठशे हाती येतं. पाऊस निम्माच, ४०० मिलिमीटर झाला, तरी हंगामात ३० हजार लिटर, म्हणजे सहा हजार लिटरचे पाच टँकर. मे महिन्यात गच्ची घासून घ्या, पन्हाळीचा पाइप दोन-तीन निळ्या ड्रमांकडे वळवा, ड्रमांच्या तोंडाला जाळी लावा. पहिल्या दोन सरींचं पाणी वाहून जाऊ द्या, त्यात धूळ आणि विष्ठा असते. ड्रम भरल्यावर जादा पाणी खडी-वाळूच्या गाळण खड्ड्यातून त्याच आटलेल्या बोअरमध्ये सोडा. ज्याला सगळं काढून टाकायचं होतं त्या तुमच्या यजमानांकडेच हे काम सोपवा. बोअर भरायचं काम म्हटलं की ते मागे हटणार नाहीत असं मला वाटतं.

शेवटी मोगरा. तुम्ही लिहिलंत की सासूबाई काही बोलत नाहीत. म्हणजे त्या रोज त्याच्याकडे बघतात. मोगरा तुम्ही समजता तेवढा नाजूक नाही, एका वाट्यावर जगेल, कळ्या कमी आणि लहान येतील इतकंच. त्याला दोन सुगडं पुरा आणि जाळीखाली पूर्वेच्या बाजूला ठेवा. पावसाळ्यात त्याची एक खालची फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून ठेवा, दीड-दोन महिन्यांत तिला मुळं फुटतील आणि एकाचे दोन होतील. तोवर रोज सकाळी तांदळाचं धुवण गच्चीवर न्यायचं काम सासूबाईंचं. जिना चढवत नसेल तर मोगऱ्याची कुंडीच खाली त्यांच्या दाराशी आणून ठेवा. आणि शेवग्याचा पहिला पाला निघेल तेव्हा त्यातला मूठभर समोरच्या काकूंकडे द्या, सोबत मुलीने लिहिलेला तो पाण्याचा ताळेबंदही दाखवा. त्यांच्या घरीही तांदूळ रोज धुतले जात असतील.